'कृष्णविवर', नारायण विनायक जगताप आणि पारसिकच्या बोगद्यातली तुमची लोकल

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून त्यातला गाभा आधी सांगते. बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीचे, नोकरी सॉफ्टवेअरमधली, आणि पहिलीच विज्ञानकथा लिहून तयार आहे. १९९० सालची फास्ट लोकल ठाण्याजवळच्या पारसिकच्या बोगद्यात शिरते, आत एका छोट्या कृष्णविवराजवळून (ब्लॅक होलजवळून) जाते आणि बाहेर पडते तेव्हा २०२५ साल असतं. तिशीतला बाप घरी पोचतो, तर दार उघडणारा मुलगा त्याच्याहून मोठा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. जयंत नारळीकरांनी पहिली कथा टोपणनावाने पाठवून बक्षीस मिळवलं हे खरं का, आणि असं त्यांनी का केलं? एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव नसतं, तर ते लेखक म्हणून उभे राहिले असते का? आणि तुमच्या कथेचं काय करायचं?

मी मुंबईत पदवीच्या मुलांना पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहिल्या, स्पर्धांच्या कथाही गठ्ठ्यांनी तपासल्या. त्या अनुभवावर उत्तर देते आहे.

टोपणनावाची गोष्ट खरी आहे. साल १९७४. मुंबईची मराठी विज्ञान परिषद, म्हणजे चुनाभट्टीला जिचं विज्ञान भवन आहे ती संस्था, विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. त्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं ना. वि. ज. ती उलटी वाचा: ज. वि. ना. जयंत विष्णु नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंच्या हातची होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग जगताप कोण ते उघड झालं.

इथे मंगलाताईंबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण ही गोष्ट सांगताना त्यांना 'कथा उतरवून देणारी पत्नी' एवढ्यावर सोडून दिलं जातं, आणि ते मला दरवेळी खुपतं. मंगला नारळीकर स्वतः गणिती होत्या. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला त्यांनी सुवर्णपदक मिळवलं होतं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं होतं, आणि संसार, तीन मुली सगळं सांभाळून १९८१ साली संख्यासिद्धांत या गणिताच्या शाखेत पीएच.डी. घेतली. त्या २०२३ साली गेल्या. 'कृष्णविवर' ज्या कागदांवर परीक्षकांच्या हाती पडली, त्या कागदांवरचं अक्षर एका गणितीचं होतं.

आता टोपणनाव का? १९७४ सालचे नारळीकर डोळ्यांसमोर आणा. वय पस्तीस-छत्तीस. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे १९६४ पासून जगभर नाव, १९६५ साली पद्मभूषण. १९७२ साली ते परतले आणि कुलाब्याला त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, तेव्हा अभ्यासाला बसलेल्या पोरांना 'नारळीकर हो' असं सांगणाऱ्या आया मी स्वतः पाहिल्या आहेत. माझी आई त्यांतलीच. अशा माणसाची कथा स्वतःच्या नावाने परीक्षकासमोर आली, तर परीक्षक कथा वाचेल की नाव वाचेल?

मी हे अंदाजाने म्हणत नाही. वीस-एक वर्षांपूर्वी मी एका कथास्पर्धेची परीक्षक होते. स्पर्धेचं नाव सांगत नाही. तिथे कथांवर लेखकांची नावं झाकलेली नव्हती. एक कथा चांगल्या नावाजलेल्या लेखकाची होती. मधली चार पानं सैल, शेवट ओढून आणलेला. मी मनात म्हटलं, यांनी मुद्दामच असं केलं असणार, आपल्यालाच कळलं नसेल. आणि गुण दिले. एका शिक्षिकेची कथा, गिरणीतल्या आवाजाने बहिऱ्या झालेल्या माणसाच्या कानात बसवलेल्या यंत्राची, मी चौथ्या क्रमांकावर ठेवली. बक्षिसं तिघांनाच होती. निकाल लागून गेल्यावर दोन्ही कथा पुन्हा वाचल्या आणि मला रात्रभर झोप आली नाही. ती बाई पुढे लिहीत राहिली की थांबली, हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून नावं झाकल्याशिवाय मी एकही गठ्ठा हातात घेतलेला नाही.

त्यामुळे जगतापांची गोष्ट गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते, तेव्हा मला ती तशी वाटत नाही. प्रयोगात मोजणाऱ्याचा पूर्वग्रह मोजमापात उतरू नये म्हणून माहिती झाकून ठेवतात. नारळीकरांनी स्वतःच्या कथेवर तोच प्रयोग केला. आपल्याला कथा लिहिता येते का, याचं खरं उत्तर त्यांना हवं होतं, आणि ते मिळवायची दुसरी वाटच नव्हती.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. उरलेलं अर्धं असं, की नावाचा उपयोग नंतर झाला, भरपूर झाला. निकालानंतर किर्लोस्कर मासिकाकडून कथांची मागणी आली. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भाषणात मराठीतल्या या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. त्याआधी मराठीत असं लेखन नव्हतं असं नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला होता, नारायण धारप लिहीत होते. पण हाडाचा शास्त्रज्ञ आपल्याच विषयावर कथा लिहितो म्हटल्यावर संपादकांची आणि समीक्षकांची नजर बदलली, आणि त्या वाटेने पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण साधू असे कितीतरी जण गेले. लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' इंग्रजीत जाऊन जेम्स गन यांच्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात बसली. तेव्हा नावाने दार उघडलं हे मान्य. पण पन्नास वर्षं कुणाच्या कथा केवळ नावापोटी कुणी वाचत नाही.

मग कशापोटी वाचतात? माझं उत्तर आहे: 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा. १९७९ साली आलेल्या 'यक्षांची देणगी' या संग्रहात ती आहे. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आल्यामुळे देशभरातल्या मुलांना ती ठाऊक आहे. गंमत म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलांना अनेकदा नसते.

गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे प्राध्यापक. पुण्याहून मुंबईला येतात आणि ज्या मुंबईत उतरतात ती आपली मुंबई नसते. या जगात १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांना चाटून निघून गेली आहे. इंग्रज देशभर पसरलेच नाहीत, पण मुंबई त्यांच्या हातात राहिली आहे. पंत व्ही.टी.ला उतरतात, फोर्टातून चालतात, तर दुकानं आणि कचेऱ्या निराळ्या. मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचा माणूसच तिथे नाही. आता आपल्यासारखा कुणीही घाबरून पोलिसांकडे गेला असता. पंत कुठे जातात? टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. इतिहासाची पुस्तकं मागवतात आणि आपल्या ओळखीचा इतिहास नेमका कुठे वळला ते पान शोधत बसतात.

या एका जागेसाठी मी ही कथा पंचवीस-तीस वेळा वर्गात वाचून दाखवली आहे. मी स्वतः त्या टाउन हॉलच्या उंच दगडी पायऱ्या चढून कितीदा गेले आहे. वरच्या उंच छताखाली लाकडी टेबलावर जुनं पुस्तक उघडून बसलं, की बाहेरचा फोर्ट कुठल्या सालातला आहे हे क्षणभर खरंच विसरायला होतं. नारळीकरांनी दुसरं विश्व दाखवायला यान नाही आणलं, यंत्र नाही आणलं. एक गोळी काही बोटं बाजूला सरकवली आणि पुणे-मुंबई आगगाडीत माणूस बसवला. विज्ञान मागे पक्कं आहे. छोट्याशा फरकाने एखादी व्यवस्था एकदम दुसऱ्या वळणाला कशी जाते हे सांगणारा गणिती सिद्धांत आहे, आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, अनेक शक्यता शेजारी-शेजारी असतात, हे पुंजभौतिकीतलं (क्वांटम भौतिकीतलं) सत्य आहे. पण वाचकाच्या मनात राहतात ते टाउन हॉलमध्ये बसलेले पंत.

त्यांची आणखी एक कथा मुंबईत बर्फ पडण्याने सुरू होते. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये एका पिळाच्या पट्टीची (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या मोबियस पट्टीची) गणिती कल्पना आहे, आणि ती कळते क्रिकेटच्या मैदानावर, उजवा गोलंदाज डावा झाल्यावर. प्रत्येक ठिकाणी एकच वैज्ञानिक गोष्ट, आणि ती आपल्या घरातल्या, ओळखीच्या वस्तूवर येऊन आदळते.

त्यांचे गुरू फ्रेड हॉएल स्वतः विज्ञानकथा लिहीत. हॉएलांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ सालची. शास्त्रज्ञाने कथा लिहिणं हे वेळ वाया घालवणं नाही, हे नारळीकरांनी केंब्रिजमध्ये जवळून पाहिलं होतं. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विश्व एका महास्फोटातून जन्मलं हे जवळपास सगळ्यांनी मान्य केलेलं असताना हॉएल आणि नारळीकर स्थिर-स्थिती विश्वाची, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही अशी, बाजू लढवत राहिले. १९९३ साली खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांना बरोबर घेऊन त्यांनी तिची सुधारित मांडणीही केली. पुरावे त्यांच्या विरोधात गेले असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, मीही मानते. पण 'सगळे जे धरून चालले आहेत ते तसं नसेल तर?' हा प्रश्न आयुष्यभर न घाबरता विचारणाऱ्या माणसाच्या हातून पानिपताची कथा उतरणं मला अगदी साहजिक वाटतं.

कमतरताही सांगते. त्यांची पात्रं पुष्कळदा कल्पना वाहून नेण्यापुरती येतात. संवादांत एक जण विचारतो आणि दुसरा समजावून सांगतो. बायका मागे राहतात. तुम्ही त्यांच्याकडून शिकताना हे उचलू नका.

बाकी कारकीर्द थोडक्यात. मुंबईत १९७२ ते १९८९. मग पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, २००३ पर्यंत तिचे संचालक. 'वामन परत न आला', 'प्रेषित', 'व्हायरस' या कादंबऱ्या. विज्ञानप्रसारासाठी १९९६ साली युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, २००४ साली पद्मविभूषण. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे या चार गावांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व', त्याला २०१४ चा साहित्य अकादमी. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष; प्रकृतीमुळे तिथे येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ ला पुण्यात गेले. या सगळ्या मानांपेक्षा मला त्यांची एक सवय मोठी वाटते. मुलं सही मागायची, तर ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तरं येत.

आता तुमची लोकल.

बाप-मुलगा ही जोडी चांगली आहे, ती सोडू नका. पण कृष्णविवर बोगद्यात मावत नाही. हिशेब करू. कृष्णविवराजवळ घड्याळ मंद चालतं हे खरं, आणि 'कृष्णविवर' ही कथाही याच तथ्यावर उभी आहे (शेवट सांगत नाही, वाचा). किती मंद, हे दोन गोष्टींवर ठरतं: कृष्णविवराची त्रिज्या आणि आपलं अंतर. अख्ख्या पृथ्वीचं वस्तुमान दाबून कृष्णविवर केलं, तर त्याची त्रिज्या येते जेमतेम ९ मिलिमीटर. मोठं करवंद म्हणा. एखाद्या टेकडीएवढं वस्तुमान घेतलं तर ते अणूच्या केंद्रकाएवढं होतं, मग तर विचारूच नका. बोगद्याच्या भिंतीत हे करवंद आहे आणि तुमचा डबा १० मीटरवरून जातो आहे असं धरू. तिथे काळ किती मंदावेल? वर्षामागे सुमारे चार तास. बस्स. आणि ओढ? पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, तुमचं अंतर १० मीटर. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करा. आपल्याला आत्ता जाणवते त्याच्या सुमारे ४० हजार कोटी पट. डबाच काय, पारसिकचा डोंगरही उरणार नाही, ठाणेही नाही.

उलट्या बाजूने पाहू. बोगदा साधारण १.३ किलोमीटरचा, तुमच्या कथेतली लोकल तो दीड मिनिटात पार करायची. दीड मिनिटात पस्तीस वर्षं जायची, तर काळ सव्वा कोटी पट मंद व्हायला हवा. त्यासाठी कृष्णविवराच्या काठाला जवळजवळ चिकटून उभं राहावं लागेल. माणूस न फाटता काठाजवळ जायचं असेल, तर कृष्णविवर प्रचंड मोठं लागतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी आहे तसं: ४० लाख सूर्यांचं वस्तुमान, त्रिज्या सुमारे १ कोटी २० लाख किलोमीटर. तिथे काठाशीही डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीत जाणवण्याजोगा फरक नसतो. पण ते २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, मध्य रेल्वेवर नाही.

तुम्ही लिहिलं आहे, 'वाचक कुठे एवढा हिशेब करतो?' वाचक करत नाही, बरोबर. पण हिशेब लेखकाने केला की कथेला नवी वाट सापडते, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. बघा, आपल्याला हवंय काय? मुलगा बापाहून मोठा होणं. वेगवेगळ्या ठिकाणी काळ वेगळ्या गतीने जाणं. ते मुंबईत आत्ता, या क्षणी घडतंच आहे. जमिनीपासून जितकं उंच, तितकं घड्याळ पुढे. टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यावर ४५० मीटर उंचीवर एक घड्याळ आणि पायथ्याशी दुसरं ठेवून जपानी शास्त्रज्ञांनी हे मोजलं. निष्कर्ष २०२० साली आले. दिवसाला फरक पडतो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या चौपट.

आता लालबागला या. चाळ पाडून मनोरा उभा राहतो आहे. बाप तळमजल्यावरची खोली सोडायला तयार नाही, पलीकडच्या शेवटच्या उरलेल्या चाळीत राहतो. मुलगा चाळिसाव्या मजल्यावर. उंचीचा फरक साधारण १२० मीटर. सेकंदाचे एक कोटी भाग केले तर त्यांतले चार, एवढा मुलगा दरवर्षी बापापेक्षा जास्त म्हातारा होतो. फरक नगण्य आहे, पण खरा आहे, आणि तो दर मजल्यागणिक वाढतो. तुमच्या कथेत कुणीतरी हा फरक मोठा करणारं काहीतरी शोधू दे. ते यंत्र काय, हे तुम्ही ठरवा. बापाच्या खोलीतलं भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ आणि मुलाच्या घरातलं घड्याळ गणपतीत एकमेकांशेजारी ठेवले जातात, तेव्हा काय दिसतं, तिथून पहिलं वाक्य सुरू करून बघा.

पहिला खर्डा मला पाठवण्याआधी हिशेबाचा कागद पाठवा. एकच पान, हाताने लिहिलेलं चालेल. आणि कथा स्पर्धेला पाठवणार असाल तर परीक्षकांसमोर नावं झाकलेली असतात का, हे आयोजकांना आधी विचारून घ्या. नसतील, तर दुसऱ्या नावाने पाठवता येते का तेही विचारा.